घरी येऊन अंगावर पाजायला कुणी शिकवलं? खानदेशातले अनुभव लिहा

बाळंतीण दवाखान्यातून घरी येते आणि दूध नेमकं त्याच सुमारास भरून उतरतं. छाती ठणकते, बाळाला धरता येत नाही, घरात दहा सल्ले सुरू होतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ठरलेल्या आहेत. काही जणी स्तनपान सल्लागाराला घरी बोलावतात. तुमच्याकडे कोण आलं, काय केलं, मोकळेपणानं लिहा. एखाद्या ओल्या बाळंतिणीच्या कामी येईल.

भुसावळहून
मुलगी ऐन मे महिन्यातली. बोंडांना चिरा पडल्या होत्या, पाजायची वेळ आली की अंगावर काटा यायचा. सल्लागार ताई आल्या आणि आधी नुसत्या शेजारी बसून पाजणं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती फक्त बोंड ओढतेय, आजूबाजूचा काळा भाग तोंडात जातच नाहीये." पाठीला उशी दिली, बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं, नाक बोंडासमोर आणलं. तिनं मोठा आ करेपर्यंत थांबायला लावलं आणि मग तिला छातीजवळ घेतलं. मी वाकायचं नाही, बाळाला आणायचं. हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, चकचक आवाज थांबून घोट ऐकू यायला लागले. दुखणं तिथंच निम्मं झालं.

शेजारच्या काकू म्हणत होत्या, एवढ्या उन्हात पोरीचा घसा सुकेल, चमचाभर पाणी पाज. ताईंनी त्यांनाही समोर बसवून सांगितलं, अंगावरच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, सहा महिने वरचं पाणी नको. पाणी आईनं प्यायचं. पाचव्या दिवसानंतर दिवसरात्रीत सहा वेळा तरी लघवी होतेय ना, तेवढं बघा.

शिरपूर तालुक्यातून, एक आजी
माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी चीक पिळून टाकायला लावला होता. सुनेला आशाताईनं आधीच बजावलं होतं, पहिल्या तासात पाजायचं, चीक वाया घालवायचा नाही. तिसऱ्या दिवशी ती वजनकाटा घेऊन आली. नातवाचं वजन उतरलेलं. सून रडायलाच लागली, "पोरले दूध पुरस नहीं." आशाताई म्हणाली, सुरुवातीला थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं, पण मी परत येऊन मोजणार. आली आणि मोजलं. घुटीतला मधही तिनंच थांबवला, वर्षाच्या आत मध द्यायचा नाही म्हणे. दादरची (म्हणजे रब्बी ज्वारीची) भाकरी आणि अळिवाची खीर मात्र चालू ठेवा म्हणाली, सुनेला भूक फार लागायची.

अमळनेरहून, एक बाबा
आमचं बाळ दिवसांआधी आलं. दवाखान्यातून निघताना, बायको कशी पाजते हे न बघताच हातात पावडरच्या डब्याची चिठ्ठी मिळाली. अशा डब्यांची जाहिरात आणि फुकट नमुने १९९२च्या कायद्यानं बंद आहेत, पण चिठ्ठीपुढे घाबरलेले आईबाप काय बोलणार? घरी आलेल्या नर्सताईंनी हातानं दूध काढायला शिकवलं आणि बोंडल्यानं पाजायला मला बसवलं. भांडी उकळणं, काढलेलं दूध लगेच फ्रिजमध्ये ठेवणं आणि उघड्या छातीवर बाळाला धरून बसणं हे माझं काम. वडिलांनी पाजण्याच्या खोलीत थांबायचं असतं, हे मला कुणी तरी पहिल्यांदा सांगितलं.

चोपड्याकडून
आमच्याकडे कुणीच आलं नाही. व्हिडिओ कॉलवर निभावलं, पण रेंज गेली की संपलं.

धागा सुरू करणारी
चोपड्याच्या ताई, पुढच्या वेळी उपकेंद्रातल्या नर्सताईंना आधीच सांगून ठेवा. आणि सगळ्यांसाठी: छातीत लाल, गरम गाठ आणि ताप असेल, किंवा बाळ मलूल होऊन पीतच नसेल, तर घरभेटीची वाट न बघता दवाखाना गाठा. गाठ आली तरी पाजणं सहसा थांबवायचं नसतं, दूध साचलं तर त्रास वाढतो.

धडगाव, अक्कलकुव्याकडून अजून कुणी लिहिलं नाही. पाड्यांवर पावसाळ्यात या भेटी कशा होतात, तिकडच्या आशाताई वाचत असतील तर नक्की लिहा.