तारकर्लीच्या बंद खोल्या पुन्हा उघडताना आधी काय करायचं?

टिळकवाडी_०८ (सप्टेंबर २०२०)
आम्ही बेळगावचे, मालवणजवळ तारकर्लीत किनाऱ्यालगतच्या सहा खोल्या चालवायला घेतल्यात. कोविडमुळं मार्चपासून कुलूप, अख्खा पावसाळा बंद. २ सप्टेंबरपासून महाराष्ट्रात लॉज पूर्ण क्षमतेनं चालवायला मोकळीक आहे, जिल्ह्याबाहेर जायचा ई-पासही गेला. दसऱ्याच्या आत उघडायचं म्हणतोय. विहिरीचं पाणी, वर १००० लिटरच्या दोन टाक्या, चार स्प्लिट एसी, एक इन्व्हर्टर. जंतुनाशक फवारणीवाले खोलीमागं पैसे सांगायलेत. कशात घालायचे, सांगा वो कुणीतरी.

नळजोडणी
फवारणीवाल्याला आधी थांबवा. सहा महिने आत माणूसच नव्हता, विषाणू कुणाची वाट बघत बसलाय? खरी भीती पाण्याची. नळात साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो, शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. ताप-खोकला बघून लोक कोविडच समजणार, आणि नाव तुमच्या लॉजचं.

टाकी रिकामी करून घासून घ्या. तळाचा गाळ ठेवून ब्लीचिंग टाकलं तर सगळं क्लोरीन गाळच खातो. मग १००० लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, ३३ टक्के क्लोरीनची. बादलीत कालवा, चुना खाली बसू दे, फक्त वरची निवळी टाकीत ओता. चोथा गेला तर शॉवरची भोकं बुजतात. आता एकेक नळ, शॉवर, फ्लश, गीझर, सगळं उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि बंद करा. रात्रभर तसंच राहू दे. सकाळी सगळं सोडून द्या, वास जाईपर्यंत ताज्या पाण्यानं धुवा. शॉवर पहिल्यांदा सोडताना जाळीला फडकं गुंडाळा, खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा. गीझर ६० अंशांवर तापवून ते गरम पाणीही सोडा.

विहिरीला वेगळा हिशेब: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५ म्हणजे घनमीटर. दर घनमीटरला अडीच ग्रॅम पावडर. २ मीटर व्यास, ३ मीटर पाणी असेल तर सुमारे २४ ग्रॅम, बस्स. अर्ध्या तासानं तपासणी किटमध्ये क्लोरीन ०.५ पीपीएम (लिटरमागं अर्धा मिलिग्रॅम) दिसलं पाहिजे.

पावडर बेळगावातूनच सीलबंद न्या. उघडं पाकीट आंबोली घाट उतरेपर्यंत दमट हवा खातं, मग तो नुसता चुना.

टिळकवाडी_०८
टाकीचं ते क्लोरीनचं पाणी संडासच्या पाइपात सोडलं तर चालतंय काय?

नळजोडणी
नको. सेप्टिक टँकमधले जिवाणूच मेले तर दिवाळीत वास सुटेल. न्हाणीच्या शोषखड्ड्याकडं सोडा, तेही थोडं थोडं. माडाच्या मुळात नको. फ्लशमधून गेलं तेवढं चालतंय. आणि खोलीत आत्ताच कुबट वास येत असला तर बहुतेक न्हाणीच्या ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपातलं) पाणी आटलंय. एक तांब्या ओता, झालं.

वायरमन_खानापूर
एसी लगेच चालू करू नका. एमसीबी (बोर्डावरचा एसीचा सुरक्षा स्विच) बंद करून बाहेरच्या युनिटचं झाकण काढा; उंदराचं घर आणि कुरतडलेली वायर हमखास. खाऱ्या वाऱ्यानं त्याच्या जाळीच्या पातळ पत्र्यांवर मीठ बसलेलं असतं, ते साध्या पाण्यानं हळू धारेनं धुवा. प्रेशर मारला तर पत्रे वाकतात. आतला ड्रेन ट्रे बुरशीनं काळा झाला असेल, तोच वास पाहुण्याच्या नाकात जातो. केंद्राच्या यंदाच्या कोविड नियमानं एसी २४ ते ३० अंशांत ठेवायचा, आणि खिडकी थोडी उघडी.

इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टच्या खूप खाली बसलेली असेल तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरलाय. डिस्टिल्ड वॉटर प्लेटा बुडण्यापुरतंच भरा, सावकाश चार्ज करा, मगच पातळी पुरी करा. त्यानंतरही पंखा तासभर ओढत नसेल तर नवीच घ्या. आरसीसीबीचं (करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून बघा; दमट न्हाणीत तेच जीव वाचवतंय.

चेकआउट_१०
फरशी, कडी, स्विच पुसायला १ टक्का हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक). बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग औषध, चार भाग पाणी. रोज ताजं, दहा मिनिटं ओलं राहू द्या. पितळ-स्टीलला मग साध्या पाण्यानं पुसा, समुद्रावर आधीच गंज लवकर धरतो. स्विच मात्र मेन बंद करून, ओल्या नव्हे, पिळलेल्या फडक्यानं. आणि हायपोक्लोराइट कधीच संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. कामवाल्या बायांना हे तोंडी सांगून भागत नाही, बाटल्याच वेगळ्या रंगाच्या द्या.

बुकिंगचं म्हणाल तर बेळगावचं गिऱ्हाईक आता सुटसुटीत झालंय. कर्नाटकानं २४ ऑगस्टला सेवासिंधू पोर्टलवरची नोंदणी आणि परतल्यावरचं विलगीकरण काढून टाकलं, त्यामुळं सीमेवरच्या शिनोळीमार्गे जाऊन येणं अडत नाही. सध्याच्या नियमात जेवण मात्र राहत्या पाहुण्यांनाच; बाहेरच्यांना पार्सल. दोन पाहुण्यांमध्ये एक दिवस खोली रिकामी, हवेला उघडी ठेवायची असेल तर सहाच्या सहा एकदम विकू नका. दर त्या हिशेबानंच काढा, नाहीतर पहिल्याच शनिवार-रविवारी सगळ्या भराल आणि चादरी वाळायला दोरी पुरणार नाही.