एकट्यानं खेळायला कॅम्पेनवाला बोर्डगेम कोणता घेऊ? जॉज ऑफ द लायन का आर्कहॅम?

गोदाकाठचा_गडी:
राम राम मंडळी. संभाजीनगरला होतो तोवर आमचा चौघांचा ग्रुप होता, रविवारी दुपारी जेवणं झाली की पँडेमिक नाहीतर स्पिरिट आयलंड मांडून बसायचो ते अंधार पडेपर्यंत. आता बदली होऊन परभणीला आलोय अन इथं बोर्डगेम म्हणलं की लोक कॅरम काढायलेत. कॅरमला नाव ठेवत नाही, पण मला सगळे एका बाजूला अन गेम दुसऱ्या बाजूला असा प्रकार पाहिजे. सगळे म्हणजे आता मी एकटाच. बायकोला रमी चालते, राक्षस-बिक्षस चालत नाही. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतो आपण, तिकडं जर्मनीत बोर्डगेमची एवढी मोठी जत्रा भरते दरसाल अन इथं एक पार्टनर मिळंना, असो.

स्टोरी पुढं सरकली पाहिजे, एका डावातलं सामान, जखमा, लेव्हल सगळं पुढच्या डावात गेलं पाहिजे. वेळ रात्री दहा ते साडेअकरा. बजेट पाच हजाराच्या आत. जागा म्हणजे दिवाण नाहीतर फरशीवर सतरंजी, मोठं टेबल नाही. डोक्यात दोन नावं हायेत, ग्लूमहेवन जॉज ऑफ द लायन अन आर्कहॅम हॉरर कार्ड गेम, पँडेमिक लेगसी पण बघायलो होतो. भीती एकच, एका डोक्यानं दोन-दोन पात्रं सांभाळताना मजा येते का नुसती कारकुनी होते?

लातूर_पॅटर्न:
पँडेमिक लेगसी आधी यादीतून काढा. बॉक्सवर २ ते ४ खेळाडू लिहिलंय, दोन रोल घेऊन एकट्यानं खेळलात तर कुणी पोलीस येत नाही, पण त्यातली गंमत म्हणजे गेमच्या हुकुमानं कार्ड फाडायची वेळ आली की चौघं "अरे थांब थांब" करतेत ती. बारा महिन्यांची गोष्ट हाय, हरलात तर तोच महिना अजून एकदा, म्हणजे १२ ते २४ डावात बोर्ड स्टिकरांनी भरून संपला. उद्या जुना ग्रुप जमला तर काय खेळणार मग. राखून ठेवा.

जॉज ऑफ द लायन घ्या, डोळे झाकून. २०२० चा गेम, २५ सिनारियो (म्हणजे गोष्टीतला एकेक डाव), चार पात्रं. तुमच्या सतरंजीसाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे नकाशाचे तुकडे जोडत बसायचं नाही, स्पायरलचं पुस्तक उघडायचं अन त्याच पानावर खेळायचं. पहिले पाच सिनारियो शिकवणीच हायेत, नियम थोडे थोडे करून देतेत, नियमपुस्तक पाठ करून बसायची गरज नाही. फासे नाहीत. दर राउंडला हातातली दोन कार्डं निवडायची, एकाचा वरचा भाग अन दुसऱ्याचा खालचा वापरायचा, अन विश्रांती घेतली की एक कार्ड कायमचं जातंय त्या सिनारियोपुरतं. म्हणजे तुमची कार्डं हेच तुमचं घड्याळ. राक्षसानं मारलं नाही तरी कार्डं संपून तुम्ही गळून पडता.

दोन पात्रांचं म्हणाल तर इथं सुटका नाही, नियमच हाय की एकट्यानं खेळताना निदान दोन घ्या. पण कारकुनी दोन पात्रांची होत नाही हो, राक्षसांची होते. कोणता आधी हलतो, कुणाकडं जातो, कुणाला किती लागलं, हे सगळं तुम्हालाच बघायचंय. त्याला मोबाईलवर मोफत अॅप मिळतेत, कार्डं ओढायचं अन रक्त मोजायचं काम अर्धं कमी होतंय.

नांदेडी_भाऊ:
पीसी हाय का? ग्लूमहेवन स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाईन दुकान) पूर्ण रूपात २०२१ पासून हाय, जॉज ऑफ द लायनची मोहीम त्यात वेगळी विकत मिळती. मांडायचं नाही, आवरायचं नाही, सेलमध्ये लई स्वस्त. लाईट गेली तरी लॅपटॉपवर चालतंय.

गोदाकाठचा_गडी:
भाऊ दिवसभर एक्सेलच बघतो मी, रात्री परत स्क्रीन नको वाटतंय. हातात कार्डं पाहिजेत.

अंबाजोगाईचा_वाटसरू:
लातूरवाल्यांचं बरोबर असंल पण रात्री दीड तासात जॉज ऑफ द लायन मांडून, खेळून, आवरून होतंय का ते त्यांनी सांगितलंच नाही. सुरुवातीचे सिनारियो होतील. पुढं खोल्या वाढतेत, राक्षसांचे तीन-तीन प्रकार येतेत, प्रत्येकाचा वेगळा गठ्ठा. साडेअकराला तुम्ही मधल्या खोलीत असाल अन सतरंजी रात्रभर तशीच ठेवायची म्हणजे सकाळी घरात महाभारत.

मी आर्कहॅम म्हणतो, अन तेही खरं सोलो, एकच तपासनीस घेऊन. एका माणसाचा एक गठ्ठा, एका डोक्याला एक पात्र, कारकुनीचा विषयच नाही. जागाही कमी लागती, ठिकाणांची पाच-सहा कार्डं मांडली की झालं गाव तयार. फाशांच्या जागी एक पिशवी असती टोकनची, दर परीक्षेला (काही करताना जमलं का फसलं ते बघायला) त्यात हात घालून एक काढायचं, बहुतेक वेळा उणे एक उणे दोन निघतंय अन कधी कधी असा टेंटॅकल निघतो की केलेलं सगळं पाण्यात. मला ते लई आवडतं, काहींना राग येतो.

पण खरा मुद्दा पुढंच हाय. तुम्ही कॅम्पेन म्हणालात ना, तर आर्कहॅममध्ये हरणं पण गोष्टीचा भाग हाय. सिनारियो फसला तरी परत खेळत बसायचं नाही, पुस्तकात लिहिलेलं असतंय की असं झालं तर हे लिहून घ्या, अन तुमचं घर जळालेलं, माणूस गेलेला, डोक्यावर कायमचा परिणाम झालेला अशा अवस्थेत पुढचा सिनारियो चालू. जॉजमध्ये हरलं की तोच सिनारियो परत. मला विचाराल तर गोष्ट पुढं सरकणं म्हणजे हे.

एकच सांगतो, २०२१ चा सुधारित कोर सेट (म्हणजे सुरुवातीचा मूळ बॉक्स) बघून घ्या, २०१६ चा जुना नका घेऊ. अन पहिल्यांदा रोलंड बँक्स घ्या. एकट्याला मारामारी पण करायचीय अन पुरावे पण गोळा करायचेत, दोन्ही जमणारी माणसं थोडी. रोलंडनं शत्रू मारला की त्याला त्याच जागेचा एक पुरावा मिळतो, राउंडला एकदा. एकट्यासाठीच बनवल्यागत हाय तो.

लातूर_पॅटर्न:
हे पण सांगा ना की कोर सेटमधली मोहीम तीन सिनारियोची असती! तीन रात्रीत संपली. मग पुढची मोहीम विकत घ्या, मग पुढची. पाच हजार कुठं पुरतेत मग. अन गठ्ठा बांधायला बसलात की एक संध्याकाळ त्यातच.

अंबाजोगाईचा_वाटसरू:
तीन आहेत, मान्य. पण तपासनीस पाच हायेत त्यात, दुसरा घेऊन खेळलात तर तोच सिनारियो वेगळा वाटतो. गठ्ठा बांधण्याचं म्हणाल तर सुरुवातीची यादी पुस्तकात दिलेली असती, ती तशीच्या तशी घ्यायची. बाकी खर्चाचं खरं हाय, त्यावर मी बोलत नाही, घरचे लोक हा धागा वाचतील.

वेरूळवाली:
गडीदादा, दोघांचं ऐकून घ्या पण आधी एक ठरवा, तुम्हाला एका रात्रीत डाव संपवायचाय का दोन रात्री मांडून ठेवायची सोय हाय? माझ्याकडं जॉज ऑफ द लायन हाय अन मी जुन्या दरवाजाच्या फळीवर मांडते. झोपायची वेळ झाली की फळी उचलून दिवाणाखाली सरकवली. दोन पोरं हायेत घरात, अजून एकही टोकन हरवलं नाही (लाकडाला नमस्कार).

दोन पात्रांची सवय लागंपर्यंत मी असं करायचे. एका पात्राची दोन कार्डं निवडून उलटी ठेवायची, मगच दुसऱ्याचा हात उचलायचा, अन पहिली परत बदलायची नाहीत. नाहीतर एकट्या माणसाला सगळंच दिसतंय, इकडचं तिकडं जुळवत तासभर एकाच राउंडवर बसता. ग्रुपमध्ये तर कोण आधी हलणार ते ठरवणारे कार्डांवरचे आकडे सांगायलाच बंदी असती, मी लवकर जाते, मी उशिरा जाते एवढंच बोलायचं. म्हणूनच मूळच्या मोठ्या ग्लूमहेवनच्या पुस्तकात एकट्यासाठी नियम हाय की राक्षसांची लेव्हल एकनं वाढवा अन सापळ्यांचा मार पण, पण सोनं अन बोनस एक्सपी (अनुभवाचे गुण) काही वाढत नाही. तुम्ही मात्र शिकवणीचे पाच होईपर्यंत ते करू नका, उगी जीव जाईल.

ग्रुपमध्ये एक जण असतो ना सगळ्यांना हुकूम सोडणारा, तू इकडं जा तू ते कार्ड टाक, एकट्यानं खेळताना तो कटकट्या पण आपणच असतो अन ऐकणारे पण आपणच. मला तर बरं वाटतंय त्यात.

उन्हाळ्याचं पण सांगते. कूलरसमोर मांडू नका. वारं तर हायेच, पण त्या ओलसर हवेनं कार्डं वाकतेत, मे महिन्यात माझा राक्षसांचा एक गठ्ठा कमानीगत झाला. स्लीव्ह (कार्डांचे प्लास्टिकचे खोळ) घाला, निदान सारखी पिसायची लागतेत त्यांना तरी.

पुण्यातला_मराठवाडी:
मी जरा बाजूचं सुचवतो. स्लीपिंग गॉड्स, २०२१ चा. जहाजावर कप्तान अन आठ खलाशी असे नऊ जण, खेळाडू कितीही असले तरी नऊच. म्हणजे एकट्याला वेगळा नियम लागतच नाही, तुमचं कारकुनीचं भय अर्धं गेलं. नकाशांची वही असती, पान उलटत समुद्रात फिरायचं, कुठल्या बेटावर उतरलं की गोष्टीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायचा. पाहिजे तिथं थांबून नोंद करून बॉक्समध्ये भरता येतंय. पण बजेटमध्ये बसणं अवघड, अन इंग्रजी वाचन भरपूर, दिवसभराच्या कामानंतर झेपंल का बघा. मला नाही झेपलं, दोन पानं वाचली की डोळा लागायचा.

अन कुणीतरी मोठं ग्लूमहेवन घ्या म्हणायच्या आत सांगतो, नका घेऊ. ९५ सिनारियो अन बॉक्स साधारण १० किलोचा. भाड्याच्या घरात बदलीच्या माणसानं ते घेऊन कुठं फिरायचं.

वेरूळवाली:
हो अन थकलेल्या रात्रीसाठी एक छोटा बॉक्स सुचवू का, अंडर फॉलिंग स्काइज. फक्त एकाच खेळाडूचा गेम हाय, पार्टनर आला तरी त्याला खेळता येत नाही! वरून परग्रहवाल्यांची जहाजं खाली यायलीत अन तुम्ही तळघरात फासे लावायचे, पण मोठा आकडा लावला की काम मोठं होतंय अन त्याच रांगेतली जहाजं पण तेवढीच खाली येतेत. पांढरा फासा लावला की उरलेले परत टाकायचे. अर्ध्या तासात निकाल. आत टप्प्याटप्प्यानं उघडायची मोहीम पण हाय, स्टोरी कॉमिकच्या पानात. फार खोल नाही स्टोरी, पण डाव मात्र घट्ट.

गोदाकाठचा_गडी:
लई उपकार सगळ्यांचे. फळीची आयडिया जमंल, गच्चीवर जुनी प्लायवूड पडलीय, म्हणजे डाव दोन रात्री मांडून ठेवता येईल. त्यामुळं जॉज ऑफ द लायनकडं झुकायलोय. आर्कहॅम मनातून जात नाही पण वाटसरूभाऊ, तुमच्या त्या पुढच्या खर्चाची धास्ती बसली. आता दोन शंका. कोणती दोन पात्रं घ्यावी? अन सेकंडहँड मिळाला तर घ्यावा का, स्टिकर लावलेले असतेत म्हणे.

नांदेडी_भाऊ:
सेकंडहँड घ्या बिनधास्त. स्टिकर मुख्य शहराच्या नकाशावर असतेत, कोणते सिनारियो उघडले ते दाखवायला. खेळ त्यानं अडत नाही, कागदावर नोंद ठेवली की झालं. पात्रांची कार्डं अन राक्षसांची कार्डं मोजून घ्या तेवढी. एक कार्ड कमी असलं तर लई तरास होतो, कारण हातातल्या कार्डांवरच सगळा हिशोब हाय.

लातूर_पॅटर्न:
रेड गार्ड अन हॅचेट. रेड गार्ड पुढं उभा राहून मार खातो अन साखळीनं राक्षसाला ओढून आणतो, हॅचेट लांबून कुऱ्हाडी फेकतो. हॅचेटची एक लाडकी कुऱ्हाड असती, ती फेकली की तिथं जाऊन उचलून आणावी लागती, तिच्यावर लक्ष ठेवा, बाकी दोघं सरळ हायेत. डिमॉलिशनिस्ट पण चालंल, भिंती-खांब फोडत सुटतो. व्हॉइडवॉर्डन पहिल्या खेपेला नको, ती दुसऱ्यांच्या जिवावर खेळणारी, दुसऱ्यांना चालवते, दोघांत तिला हाताशी एकच माणूस मिळतो अन एकट्याला विचार डबल करावा लागतो.

गोदाकाठचा_गडी:
ठरलं मग, रेड गार्ड अन हॅचेट. अजून एक, हरलो तर सगळं शून्यावर येतं का?

वेरूळवाली:
नाही दादा. सिनारियो फसला तरी त्यात मिळवलेलं सोनं अन एक्सपी तुमचंच राहतंय, तेच घेऊन परत मांडायचं, मधल्या वेळात दुकानातून एखादी वस्तू पण घेता येती. पहिल्या तीनात हरायची शक्यता कमीच हाय. चौथ्यापासून जरा कार्डं जपून जाळा (म्हणजे कायमची घालवा), अन पैशाच्या नादात शेवटचा राक्षस मारायच्या आधी खोलीभर फिरू नका, तिथंच कार्डं संपतेत सगळ्यांची.