फक्त वॉलपेपर दिसतोय? फॉरमॅट मारू नका

अँटिव्हायरसने व्हायरस काढला आणि रीस्टार्ट केल्यावर नुसता वॉलपेपर, आयकॉन नाहीत टास्कबार नाही, असं तुम्ही म्हणताय म्हणजे एक्सप्लोरर डॉट ईएक्सई (explorer.exe) हा विंडोजचा प्रोग्राम चालू होत नाहीये. आयकॉन आणि टास्कबार दोन्ही तोच दाखवतो. फाईली जागेवरच असणार, त्यामुळे कोणी फॉरमॅट मारा म्हटलं तरी प्लीज आत्ता नको, घरचे फोटो वगैरे असतील ते जातील उगाच.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात फाईल मेनूत रन न्यू टास्क आहे (विंडोज ११ ला वरच बटण असतं), तिथे explorer.exe हे नाव इंग्रजीत टाकून एंटर मारा. सगळं परत आलं आणि रीस्टार्टनंतर पुन्हा गेलं तर गडबड रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदी असतात तिथे. रेजएडिट (regedit, या नोंदी बघायचा-बदलायचा प्रोग्राम) उघडून एचकेइवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, विनलॉगऑन इथपर्यंत जा, उजवीकडे शेल नावासमोर फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई हवं. व्हायरस तिथे स्वतःचं नाव घुसवतो, अँटिव्हायरस फाईल उडवतो पण ही नोंद कधीकधी तशीच राहते आणि विंडोज नसलेली फाईल शोधत बसतं. बदलण्याआधी एक्सपोर्ट करून बॅकप घ्याच हं.

शेल बरोबर असेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून उघडलेली) sfc /scannow ही कमांड चालवा, ती विंडोजच्या बिघडलेल्या फाईली तपासून दुरुस्त करते, वेळ लागतो, मधेच बंद करू नका.

आणि टास्कबार असून फक्त आयकॉन गेले असतील तर एवढं काहीच नको, डेस्कटॉपवर राईट क्लिक, व्ह्यू, शो डेस्कटॉप आयकॉन्सवर टिक.