मदत हवी आहे: वीस दिवसांच्या मांजरीच्या पिल्लांना पिसवा झाल्यात, घरातलं काय चालेल?

नमस्कार. आम्ही सांगलीजवळ हरिपूरला राहतो, संगमापासून चालत पाच मिनिटांवर. घर जुनं, पुढे शहाबादी फरशी आणि मागची खोली अजून शेणाने सारवलेली. घरात मोती, आमचा सात वर्षांचा गावठी कुत्रा, आणि मनी. मनीला वीस दिवसांपूर्वी तीन पिल्लं झाली. ती तिने मागच्या खोलीत पोत्यांवर ठेवलीत.

परवा एक पिल्लू उचललं तर पोटावरच्या विरळ केसांतून तपकिरी किडे सरसर पळाले. मला आधी उवा वाटल्या. केसांत मिरपुडीसारखी काळी भुकटी होती, ती ओल्या कापसावर टेकवली तर तांबूस डाग पसरला. म्हणजे पिसवांची विष्ठा, पिल्लांचंच रक्त. मोतीच्या शेपटीच्या बुडाशीही तेच. त्यात पावसाळ्याचे डास! संध्याकाळी मोतीच्या नाकावर आणि कानांच्या टोकांवर बसलेले असतात, बिचारा पंजाने तोंड घासत राहतो.

मोतीसाठी मानेवर टाकायचे थेंब आणलेत, पण पाकिटावर मांजरांना वापरू नये असं छापलंय. म्हणून घरगुती उपाय विचारतेय. सासूबाईंनी सुचवलेले असे: सीताफळाच्या बियांची पूड, खोबरेल तेलात कापूर, तंबाखूचं पाणी, पोत्याखाली डांबरगोळ्या. त्यांनी आयुष्यभर गुरं सांभाळलीत, त्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही. पण ही पिल्लं तळहाताएवढी आहेत आणि मनी त्यांना दिवसभर चाटते. यातलं काय चालेल? सगळ्यात धाकटं कालपासून सुस्त आहे, दूधही कमी ओढतंय. कृपया लवकर सांगा.

कृष्णाकाठ:
ताई, आधी धाकट्याचं ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर थोडा वेळ आहे. पांढुरक्या दिसल्या तर आजच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, उद्यावर टाकू नका. एवढ्याशा जीवाच्या अंगात रक्त ते किती, पिसवांनी ते शोषलं की पिल्लू पांढरं पडून जातं. माझं एक असंच गेलंय.

सासूबाईंच्या यादीतलं मांजरांना काहीच नको. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, माणसाच्यासुद्धा. कापूर, तंबाखू आणि डांबरगोळ्या तिन्ही विषारी. कडुनिंबाचं तेल किंवा टी ट्री तेलही मांजराला लावू नका. झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी असं नसतं, मांजराच्या यकृताला अशी तेलं नीट पचवता येत नाहीत. कुणी लसूण खायला घालायला सांगेल, तोही कुत्र्या-मांजरांचं रक्त बिघडवतो.

पिल्लांसाठी उवांची बारीक फणी घ्या. शेजारी वाटीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. फणीत आलेली पिसू लगेच त्यात बुडवायची, नुसत्या पाण्यातून ती उडी मारून निसटते. फारच असतील तर कोमट पाण्यात अंघोळ, पण आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर सगळ्या पिसवा तोंडाकडे धावतात. एकेकच पिल्लू घ्या आणि लगेच पुसून उबेत ठेवा. या वयात गारठा पिसवांइतकाच वाईट.

गोठेवाला:
वरच्यांशी सहमत, फक्त एक राहिलं. पिसवा अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी अंगावरून घरंगळून पोत्यात आणि जमिनीच्या भेगांत पडतात, अळ्या तिथेच वाढतात. ती पोती आजच काढून टाका. पिल्लांना जुन्या सुती साडीच्या घड्या द्या आणि दर दोन दिवसांनी त्या उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. मागची खोली रोज झाडा, केर घरात ठेवू नका. रात्री पसरट ताटात साबणाचं पाणी घालून वर दिवा टांगा, सकाळी त्यात पिसवा मेलेल्या दिसतील. कोशातल्या पिसवा आठवडेच्या आठवडे दडून राहतात आणि कुणी चाललं की हादऱ्याने बाहेर येतात. त्यामुळे पंधरा दिवसांनी पुन्हा दिसल्या तर उपाय फसला असं समजू नका.

मोतीला थेंब टाकलेत का? बऱ्याच कुत्र्यांच्या औषधांत पर्मेथ्रिन असतं, मांजराला ते लागलं तर झटके येतात. टाकले असतील तर मोतीला मनीपासून दूर बांधा.

डासांसाठी धूर करू नका, पिल्लांच्या नाकातोंडात जातो. टोपलीवर मच्छरदाणी आणि मोतीजवळ पंखा, एवढं पुरे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून घरातलं, परड्यातलं साचलेलं पाणी दर आठवड्याला ओता. हरिपूरला आहात, परड्यात हळदीचं जुनं पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, आहे का? असेल तर त्यात पाणी साचलंय का तेही बघा.

धागाकर्ती (चार दिवसांनी):
हिरड्या पांढऱ्याच होत्या. त्याच दुपारी धाकट्याला टॉवेलमध्ये गुंडाळून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्तवाढीचं औषध दिलं, आणि मनीला पिल्लं पाजणाऱ्या मांजरीला चालेल असं पिसवांचं औषध. मोतीला थेंब टाकले नव्हते, पाकीट आता परत करणार आहे.

सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. सीताफळाच्या बियांचं ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या, मग स्वतःच फणी घेऊन बसल्या. आता सकाळ-संध्याकाळ तीच त्यांची कामं. पहिल्या दिवशी एकट्या धाकट्याच्या अंगावरून एकतीस निघाल्या, आज दोन. पेव आहे, आणि त्यात पाणी होतं! तोंड जाड कापडाने बांधलंय, आरोग्य केंद्रात गप्पी मासे मिळतात का ते उद्या विचारते.

एकच राहिलं. सारवलेल्या जमिनीतल्या भेगा कशाने बुजवू? मातीने लिंपल्या की दोन दिवसांत पुन्हा उकलतात. ज्यांच्याकडे अजून सारवण आहे त्यांनी कृपया सांगा. धाकटं आज पहाटे भावंडांना ढकलून दूध प्यायलं.