मदत हवी आहे: बीव्हीएस्सीत असताना संशोधनाला पैसे कुठून मिळतील?

नमस्कार मंडळी,

मी परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात चौथ्या वर्षाला आहे. डोक्यात एक विषय बसलाय: तबेल्यातल्या म्हशींमधला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंमुळे होणारा रोग. पावसाळ्यात पाणी तुंबलं की माणसांच्या लेप्टोच्या बातम्या येतात आणि सगळा दोष उंदरांवर जातो. पण जंतू म्हशीच्या मूत्रपिंडातही मुक्काम ठोकतो, लघवीतून बाहेर पडतो, कधी म्हैस गाभडते. धार काढणारा माणूस त्याच ओल्यात अनवाणी उभा असतो. गोरेगावच्या एका तबेल्यात गेले होते, तर मालकाचा पहिला प्रश्न, "डॉक्टर, रक्त काढल्यावर दूध तर नाय ना आटणार?" (नाही आटत. पटवायला दोन चहा लागले.)

गाईड मॅडम तयार आहेत. अडलंय ते म्हशींचं रक्त तपासायच्या किटवर. एलायझा चाचणीच्या किटचं कोटेशन बघून मी फाइल गुपचूप मिटली.

शोधलं ते असं. आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधन परिषद) विद्यार्थ्यांसाठीची छोटी योजना, एसटीएस, एमबीबीएस-बीडीएसवाल्यांसाठी. केंद्र सरकारची इन्स्पायर फेलोशिप पीएचडीला, तीही मुख्यतः पदव्युत्तरला विद्यापीठात पहिला नंबर असेल तर, म्हणजे आमच्यासाठी राम राम. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही पीएचडीच्याच. रोग जनावराकडून माणसाकडे येतो हे सगळ्यांना पाठ, पण बीव्हीएस्सीच्या पोरीला किटपुरते पैसे द्यायला कुणी नाही! अमेरिकेतल्या मॉरिस अ‍ॅनिमल फाउंडेशनची पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी योजना आहे म्हणे. इथून कुणी अर्ज केलाय का?

प्रतिसाद १
ताई, पैशाआधी परवानगी. संशोधनासाठी रक्त काढणार असशील तर कॉलेजच्या प्राणी नीतिसमितीला आधी विचार, नाहीतर पुढे पेपर छापताना अडकशील. आमच्या बॅचच्या एकाचे सहा महिने असेच गेले.

स्वतःच्या नावावर निधी मिळवण्याच्या मागे आत्ता लागू नकोस. विभागात कुणा सरांचा आयसीएआर (कृषी संशोधन परिषद) किंवा डीबीटीचा (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) प्रकल्प चालू असेल तर तुझे नमुने त्यात बसतात का बघ. मी तेच केलं. माझ्या सीरमच्या नळ्या वर्षभर सरांच्या फ्रीजरमध्ये, लसींच्या खोक्यामागे, चिकटपट्टीवर नाव लिहून पडल्या होत्या.

देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिपही बघ, अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास निघतात. दोन महिने दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत जायचं, स्टायपेंड मिळतो. किटचे पैसे त्यातून नाहीत, हात मात्र बसतो. आणि पुढे एमव्हीएस्सी (पदव्युत्तर) करणारच असशील तर आयसीएआरची प्रवेशपरीक्षा दे, त्यातल्या वरच्या रँकवर शिष्यवृत्ती असते.

धागाकर्ती
धन्यवाद दादा! नीतिसमितीचं डोक्यातच नव्हतं, उद्याच मॅडमना विचारते. मॉरिसवाल्यांबद्दल अजून कुणी?