अनुभव धागा : पाहुणे गेल्यावर तुम्ही कोल्हापुरात कुठं खाता?

अंबाबाईच्या दर्शनाला आलेला पाहुणा स्टेशनवरूनच विचारतो, "मटण कुठं चांगलं मिळतं?" आपण दोन-तीन मोठी नावं सांगतो. तो रांगेत उभा राहतो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो आणि कोल्हापूर खाऊन झालं असं समजून गाडीत बसतो. त्या नावांबद्दल तक्रार नाही, तिथलं जेवण चांगलंच आहे. पण आपलं रोजचं खाणं पेठेवर, घड्याळावर आणि सोबत कोण आहे यावर ठरतं, आणि ते कुठल्याही यादीत येत नाही. म्हणून हा धागा. पाहुणे नसताना तुम्ही कुठं जाता, किती वाजता, आणि तिथंच का, ते लिहा. हॉटेलच पाहिजे असं नाही. गाडी, कट्टा, गल्ली, रान, सगळं चालेल.

सुरुवात मी करतो. माझी सकाळ मिसळीची. माझं लहानपण शिवाजी उद्यमनगरात गेलं. आजूबाजूला फाउंड्री, लेथची शेडं. पहिल्या पाळीचे कामगार भट्टीसमोर उभं राहायच्या आधी पोटभर मिसळ खाऊन जायचे, त्यामुळं आमच्याकडं मिसळ हा सकाळचाच पदार्थ. फडतऱ्यांची मिसळ याच भागातली. दुपारी जेवायच्या वेळेला तिथं जाणारा बाहेरगावचा असतो हे लगेच कळतं. मी आठच्या आसपास जातो. बशीत मटकी, वर बटाट्याची भाजी, फरसाण, शेव, बारीक कांदा; मग पळीनं कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, सोडतात आणि तर्री कडेला सरकते. सोबत ब्रेडच्या जाड स्लाइस. कट पुन्हा मागायचा, तो मिळतोच. पहिला घास नुसत्या कटात बुडवलेल्या ब्रेडचा घ्या. त्यात तिखटाआधी खोबऱ्याची आणि भाजलेल्या कांद्याची चव लागली पाहिजे. ती लागली नाही तर कट नुसता रंगाचा आहे.

कसबा बावडा, सध्या मुक्काम पुणे

दादा, उद्यमनगरचं सगळं मान्य, पण बावड्याची मिसळ विसरू नका. आमच्याकडं रविवारी घरातून डबा घेऊन कट आणायला पाठवायचे. मिसळ घरी, ब्रेड कोपऱ्यावरच्या बेकरीतून, आणि आजोबांच्या बशीत पहिल्यांदा. पुण्यात चांगली मिसळ मिळते, मी खातो, पण लादी पावाबरोबर मला ती अर्धीच वाटते. पाव लवकर मऊ पडतो. स्लाइस कट पिऊनही हातात टिकते.

मंगळवार पेठ, तालमीत वाढलेला

मिसळीवर सगळेच लिहितील, मी दुधावर लिहितो.

गंगावेशीचा दूध कट्टा. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतात, रस्त्याकडेला बांधतात आणि तुमच्यासमोर धार काढतात. ग्लास हातात येतो तो कोमट, वर चार बोटं फेस. पाणी घातलंय का, कालचं आहे का, असला प्रश्नच येत नाही, कारण म्हैस समोर उभी आहे. आमचे वस्ताद सांगायचे, धारोष्ण दूध उभ्यानं प्यायचं आणि पिऊन लगेच हलायचं नाही. कट्ट्यावर थांबायचं, चार माणसांशी बोलायचं. गावातल्या निम्म्या बातम्या मला तिथंच कळतात. कुठल्या तालमीचा पोरगा कुणाला भिडणार, ऊसदराचं काय झालं, कुणाची म्हैस व्याली.

गंगावेश तालीम, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींमुळं हा कट्टा जगला असं माझं मत आहे. मैदानाला उतरणाऱ्या पैलवानाला दूध, बदाम आणि तूप लागतंच. थंडाई मात्र विकतची नाही. बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी रात्री भिजवायची, सकाळी मेहनत झाली की कुंडीत घोटायची. तासभर घोटलेल्या थंडाईला जो गुळगुळीतपणा येतो तो मिक्सरला येत नाही. दंड मारून दमलेली पोरं पाळीपाळीनं घोटत बसतात आणि शेवटी सगळ्यांना सारखा पेला मिळतो, नवख्यालाही आणि नावाजलेल्या मल्लालाही.

दिवाळी पाडव्याला नक्की या. गवळी म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं आणि घुंगरं बांधून मिरवणूक काढतात. ज्यांचं दूध वर्षभर पितो त्यांना त्या दिवशी सजलेलं बघायला मिळतं.

शिवाजी पेठ, गृहिणी

मटण बाहेर खायचं असेल तर मी लक्ष्मीपुरीतलं पद्मा सांगते, पण खरं उत्तर असं की आमच्या घरात मटण बाहेर खाल्लं जात नाही. रविवारी सकाळी हे मटण आणतात, अकरापर्यंत अळणी, म्हणजे तिखट न घालता शिजवलेल्या मटणाचं पाणी, तयार असते, आणि मुलं आधी वाटीभर अळणी पितात. तेच आमचं सूप.

पांढऱ्या रश्श्याबद्दल थोडं लिहिते, कारण बाहेरगावी 'कोल्हापुरी' म्हणून जे वाढतात ते पाहून वाईट वाटतं. एकदा महामार्गावरच्या एका ढाब्यात पांढरा म्हणून मैदा लावलेलं पांढरं पाणी पुढं आलं होतं. पांढरा म्हणजे अळणीचं पाणी, नारळाचं दूध, खसखस आणि काजूचं वाटण, आणि तुपात तडतडलेली लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी. लाल तिखटाचा कणसुद्धा नाही. नारळाचं दूध घातल्यावर जाळ बारीक करायचा आणि पळी फिरवत राहायची. खळाखळा उकळी आली की रस्सा फुटतो, मग काही करा, तो सावरत नाही.

आणि तांबडा म्हणजे नुसती आग नव्हे. त्याची सगळी चव कांदा-लसूण चटणीत असते. ती चटणी आम्ही एप्रिल-मेमध्ये वर्षाची करतो. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, सुकं खोबरं, तीळ, धणे, भाजलेला कांदा, लसूण, आणि डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून आणायची. त्या दिवसांत पेठेत चालताना कुठल्या गल्लीत डंक आहे ते नाकालाच कळतं. ज्या खानावळीची चटणी घरची, तिचं मटण चांगलं, एवढी एकच परीक्षा मी लावते.

खासबागेजवळ राहणारी

राजाभाऊंची भेळ. नाटक सुटलं की भेळ, ही आमच्या घरची रीत आईपासूनची. एका बाजूला शाहू महाराजांनी बांधलेलं, 1912 साली खुलं झालेलं कुस्तीचं मैदान, शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, आणि हातात भेळेचा कागद. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली तेव्हा मी तिथं उभी होते. आजूबाजूची माणसं रडत होती. त्यानंतर कितीतरी दिवस त्या बाजूला जाऊन भेळ खायची इच्छा झाली नाही. आता जाते, कारण त्या गाड्यांवरच्या माणसांचं पोट नाटकाच्या गर्दीवर होतं. तुम्हीही जा.

राजारामपुरी, पूर्ण शाकाहारी

कोल्हापुरात शाकाहारी माणसाचे हाल होतात असं बाहेर समजतात. अजिबात नाही. सकाळी कटवडा: गरम वडा फोडून त्यावर मिसळीचाच कट. संध्याकाळी गाडीवरचा दावणगिरी लोणी डोसा, जाडसर, जाळीदार, वर लोण्याचा गोळा वितळत असलेला. कर्नाटक शेजारी असल्याचा हा फायदा. रात्री जेवण झाल्यावर सोळंकीचं कॉकटेल. बाहेरच्यांसाठी सांगते, यात दारूचा थेंब नाही. आइस्क्रीम आणि फळांचे तुकडे उंच ग्लासात भरून देतात, चमच्यानं खायचं. परीक्षा संपली, निकाल लागला, पहिला पगार झाला, सगळ्याला आमच्याकडं कॉकटेलच.

महाद्वार रोड

15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला जिलेबी. झेंडावंदन करून घरी येताना घेतली नाही असं कोल्हापुरात घर सापडणार नाही. गावभर चौकाचौकात मांडव टाकून जिलेबी विकतात, पण आम्ही माळकरांकडं रांग लावतो.

करवीर तालुका, शेतकरी

शहरवाल्यांनो, दिवाळीनंतर शिवारात या. गुऱ्हाळं पेटलेली असतात. काहिलीतला रस आटत आला की त्याचा वास बांधापर्यंत येतो. गरम काकवी भाकरीवर घेऊन खा, वाफ्यावर, म्हणजे गूळ निवायला ओततात त्या जागी, गूळ ओतला की त्याचा मऊ गोळा हातावर घ्या. चांगला गूळ तांबूस असतो. पिवळाधमक दिसला तर विचारून घ्या, काय घातलंय. गुऱ्हाळं वर्षाला कमी होत चाललीत, ऊस कारखान्याला जातो. जी चालू आहेत तिथून गूळ थेट घ्या, त्या माणसाला दोन पैसे जास्त मिळतात.

धागाकर्ता

दादा, तुमच्या बाजूला कधी यायचं ते कळवा, आम्ही येतो. भाकरी आमची.

जुना बुधवार पेठ

सगळं वाचलं, पण गल्ली जेवण कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी-शुक्रवारी ते कलशातून टेंबलाईच्या टेकडीवर नेतात. पुढं पी-ढबाक वाजंत्री, मागं डोक्यावर कलश घेतलेल्या बायका-मुली. देवीच्या पायरीवर पाणी घातलं की संध्याकाळी गल्लीत चुली पेटतात. वर्गणी घराघरातून, कांदा चिरायला तरणी पोरं, फोडणीला एकच जुना माणूस, आणि त्याच्या चटणीच्या मापात कुणी बोलायचं नाही. रस्त्यावरच पंगत बसते. मटण न खाणाऱ्या घरांसाठी वेगळ्या चुलीवर वेगळी भाजी होते, ती आधी वाढतात. ज्या दोन घरांचं वर्षभर बोलणं नसतं तीसुद्धा एकाच पंगतीत येतात, कारण त्या दिवशी न येणं शोभत नाही.

आमचं रस्सा मंडळही आहे. महिन्यातनं एकदा कुणाच्या तरी मळ्यात पातेलं चढतं. 2019 च्या शेवटी मटणाचा दर भडकला तेव्हा शहरात कृती समिती झाली, आंदोलन झालं, बाहेरच्या लोकांना त्याची गंमत वाटली. आम्हाला नाही वाटली. रविवारचं मटण परवडेनासं झालं तर पहिल्यांदा गरिबाच्या घरची पंगत मोडते, हे आम्ही बघत होतो.

येत्या आषाढात ज्यांना यायचंय त्यांनी आधी सांगा. वर्गणी पाहुण्याकडून घेत नाही, पण कांदा चिरायला बसावं लागेल.