युगांडातल्या बालगृहात पुढच्या वर्षी तरुणांचा गट न्यावा का? मदत हवी आहे

सर्वांना सलाम.

मी मूळची नगरची. गेली तीन वर्षं इंग्लंडमध्ये, लेस्टरला आहे. इथल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातले आम्ही अकरा जण जुलैत दोन आठवडे युगांडात सेवेला जाऊन आलो. जिंजापासून तासाभरावर पन्नासेक मुलांचं एक बालगृह आहे, तिथे. परतल्यावर रविवारी चर्चमध्ये आमच्या साक्षी, म्हणजे अनुभवकथनं, झाली, फोटो दाखवले, मंडळी भारावून गेली आणि पुढच्या वर्षीचा गट न्यायची जबाबदारी पाळकसाहेबांनी माझ्यावर टाकली. या महिनाअखेरीस हो की नाही ते कळवायचंय. मला रात्री झोप लागत नाही, म्हणून इथे विचारतेय.

चांगलं होतं ते आधी सांगते. पत्र्याच्या देवळात तीन तासांची उपासना, ढोलावर गाणी, आणि आम्हाला एक शब्द कळत नसताना शेजारची आजी माझा हात धरून प्रार्थना करत होती. फणसाला तिथे 'फेने' म्हणतात, मला एकदम कोकणातल्या मावशीकडे गेल्यासारखं झालं. रस्त्याकडेला चपातीत आम्लेट गुंडाळून देतात, त्याचं नाव 'रोलेक्स'. माझ्या गोऱ्या मैत्रिणींना मुलं 'मुझुंगू' (गोरा माणूस) म्हणायची, मला 'मुयिंदी' (भारतीय). लेस्टरला आमच्या शेजारच्या गुजराती काकू जिंजात जन्मल्या. 1972 साली इदी अमीनने नव्वद दिवसांत देश सोडायला लावला तेव्हा त्या शाळेत होत्या. त्यांच्या जुन्या दुकानाचा फोटो मी आणून दिला, तो त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

आता मला खुपतंय ते.

बालगृहातली मुलं अनाथ आहेत असं आम्हाला सांगितलं होतं. सहा वर्षांच्या एका मुलाने पहिल्या दिवसापासून माझी करंगळी सोडली नाही. जेवताना पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि घेवडा एका हाताने खायचा, दुसऱ्या हातात माझी करंगळी. दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर फाटकापाशी एक बाई उभी होती, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. तो धावत गेला, तिचे दोन्ही हात स्वतःच्या गालांना लावले आणि तसाच उभा राहिला. ती त्याची आई. नाक्यावर चपात्या लाटते.

तिथल्या संडे स्कूलच्या शिक्षिकेला मी विचारलं. ती म्हणाली, मुलाला शाळा मिळावी म्हणून आईने इथे ठेवलंय. युगांडात 1997पासून प्राथमिक शिक्षण मोफत आहे, पण गणवेश, वह्या, दुपारचं जेवण, शाळा मागते तो निधी, हे सगळं घरच्यांवरच. त्या आईला वर्षातल्या तीन टर्मना मिळून साडेचार लाख शिलिंग लागतात, म्हणजे शंभरेक पौंड. आमच्या एकेकाच्या प्रवासाला 1,600 पौंड लागले होते.

निघायच्या सकाळी त्याने विचारलं, परत कधी येणार? मी 'लवकर' म्हणाले. शिक्षिकेने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "दर वर्षी असेच पाहुणे येतात. ते गेले की आठवडाभर लहान मुलं रात्री अंथरूण ओलं करतात."

माझी पणजी 1899-1900 च्या दुष्काळात सापडलेलं मूल. मिशनच्या बोर्डिंगात वाढली, शिकली, शिक्षिका झाली. आमच्या घरात पहिलं पुस्तक तिच्यामुळे आलं. म्हणून मिशनला मी कधी वाईट म्हणणार नाही. पण तिचं खरोखरच कुणी उरलं नव्हतं. आणि तिला वाढवणाऱ्या मिससाहेब मराठी शिकल्या, चाळीस वर्षं राहिल्या, नगरच्याच मातीत त्यांना मूठमाती मिळाली. आम्ही भिंत रंगवली आणि चौदाव्या दिवशी विमानात बसलो. भिंतीचा रंगही गावातल्या रंगाऱ्याने आमच्यापेक्षा चांगला दिला असता. तो दोन दिवस झाडाखाली बसून आमच्याकडे बघत होता.

गट न्यावा का? न्यायचा नसेल तर जमलेला पैसा कुठे आणि कसा द्यावा? आणि ज्यांनी इतक्या प्रेमाने पाठवलं त्या मंडळीला हे कसं सांगू? कुणी अशा प्रवासाला जाऊन आलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद (झांबियातून)

ताई, मी मिशनच्या दवाखान्यात परिचारिका आहे. तुमच्या मनात आलंय ते बरोबर आहे. संस्थांमधल्या पाच मुलांपैकी किमान चौघांचे आई किंवा वडील हयात असतात, असं 'सेव्ह द चिल्ड्रन'ने 2009 सालीच मांडलं होतं. डिसेंबर 2019मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही अनाथालयातल्या स्वयंसेवेमुळे मुलांना होणाऱ्या धोक्याचा उल्लेख आला. पाहुणे येतात म्हणून पैसा येतो, आणि पैसा येतो म्हणून खाटा भरलेल्या ठेवाव्या लागतात. वाईट मनाच्या माणसांशिवायही हे घडतं.

मंडळीला आकडे देऊ नका, त्या पिठाच्या हातांची गोष्ट सांगा. आणि गटातल्या सगळ्यांना विचारा, मलेरियाच्या गोळ्या पूर्ण केल्या का? डॉक्सीसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. बरेच जण घरी आले की सोडतात. ताप आला तर डॉक्टरांना युगांडाचं नाव आधी सांगा.

प्रतिसाद (वसईहून)

माझं थोडं वेगळं मत. एकविसाव्या वर्षी मी मलावीला तीन आठवडे गेलो होतो, त्यामुळेच पुढे पाण्याच्या कामात पडलो. तरुणांना जाऊ द्या, पण लहान मुलांच्या खोल्यांत नको. तिथल्या मंडळीच्या तरुणांबरोबर राहा, शेतात जा, त्यांच्या पाळकांचं ऐका. आणि बालगृहाचा पैसा एका फटक्यात तोडू नका, आज रात्रीही पन्नास मुलं तिथेच जेवणार आहेत. घरी परतणाऱ्या प्रत्येक मुलामागे फी आणि आईच्या धंद्याला थोडं भांडवल असं ठरवून, दोन-तीन वर्षांत वळवा. पैसा तिथल्या मंडळीमार्फत जाऊ दे, तुमच्या हातून मुलाच्या हातात नको.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल पाळकसाहेबांना त्या आईबद्दल सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, तिथल्या शिक्षिकेलाच विचार. तिचं उत्तर आज सकाळी आलं: "कमी माणसं पाठवा, जास्त दिवसांसाठी. आणि जुलैत नको, तेव्हा आमच्या परीक्षेची तयारी असते."

तर आता दुसरी मदत हवी आहे. मुलांना घरी परत पोचवायच्या कामाचा अनुभव असलेलं, समाजकार्य शिकलेलं, तीन महिने तरी थांबू शकेल असं कुणी आपल्या ओळखीत आहे का? जेवणखाण, प्रवास आणि विम्याचा खर्च आमची मंडळी करेल.